नोटा नाशिकरोडला छापतात, पैसा मुक्कामाला कुठे जातो?



नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. देशाच्या खिशातल्या कितीतरी नोटा आपल्या गावातून निघाल्यात. पण म्हणून नाशिक देशातलं सगळ्यात श्रीमंत शहर झालं का? नाही झालं. नोटा इथे छापल्या, ट्रंकांमध्ये बंद झाल्या आणि गेल्या. पैसा जिथे तयार होतो तिथे राहतोच असं नाही, हे नाशिककरांना वेगळं शिकवायची गरज नाही.

आता हीच गोष्ट आपल्या मालाला लावून बघा. कांदा आपला, द्राक्ष आपलं, मालेगावचं कापड आपलं. पण या मालावर सगळ्यात जास्त पैसे कोणी कमावले, तो माणूस कुठे बसलाय, असं विचारलं तर बऱ्याच वेळा उत्तर नाशिकच्या बाहेर सापडतं. आज याच विषयावर बोलायचंय. जगात पैसा आणि व्यापार कसा पसरलाय, आणि तो नकाशा नव्याने धंदा सुरू करणाऱ्या माणसाने कसा वाचायचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक जण हा नकाशा उलटा वाचतात. पैसा कुठे जास्त आहे ते बघतात आणि तिकडे धावतात. बघायला पाहिजे ते वेगळंच: पैसा कोणत्या थांब्यावर, कशामुळे थांबतो.

एक टक्क्याचं स्वप्न

आमच्याकडे बिझनेस प्लॅन घेऊन येणाऱ्यांच्या फाईलमध्ये एक पान ठरलेलं असतं. ‘जगात या वस्तूचं मार्केट इतके अब्ज डॉलर. भारताचं इतकं. आपण फक्त एक टक्का जरी घेतला तरी...’ आणि पुढे कोटींचा आकडा.

या ‘फक्त एक टक्का’ने जितकी घरं कर्जात घातली असतील तितकी वाईट मालानेही घातली नसतील. एक टक्का हा शब्द ऐकायला गरीब वाटतो, म्हणून फसायला होतं. ज्याची अजून पंचवटीतली दहा दुकानं बांधलेली नाहीत, तो जगाच्या एक टक्क्यावर हप्ते ठरवतो. हप्ता मात्र दर महिन्याला शंभर टक्केच भरावा लागतो. आणि त्या हप्त्यामागे बऱ्याचदा आईचे दागिने नाहीतर वडिलांची ग्रॅच्युइटी असते.

जगाचे आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. खरेच आहेत, आणि डोळे उघडणारे आहेत. अमेरिकेत जगातली चार टक्क्यांच्या आसपास माणसं राहतात, पण जगाच्या एकूण उत्पादनाचा साधारण चौथा हिस्सा तिथे होतो. भारतात जगातली सतरा-अठरा टक्के माणसं, पण उत्पादनाचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास. संपत्तीचं बघितलं तर अंतर आणखी मोठं. २०२२ च्या जागतिक विषमता अहवालानुसार जगातल्या वरच्या दहा टक्के लोकांकडे ७६ टक्के संपत्ती आहे. खालच्या निम्म्या लोकांकडे सगळी मिळून दोन टक्के.

घराजवळ या. देशाच्या उत्पादनात महाराष्ट्राचा वाटा सुमारे १३ टक्के, सगळ्या राज्यांत पहिला नंबर. छाती फुगते. पण राज्याच्या आत बघा. मुंबई, ठाणे, पुणे एवढ्याच पट्ट्यात राज्याचं निम्म्याच्या जवळपास उत्पादन होतं, आणि नंदुरबार, गडचिरोली, वाशिम दरडोई उत्पन्नात खालच्या रांगेत. आणखी जवळ या, आपल्या जिल्ह्यात. निफाड, दिंडोरीच्या बागा आणि सुरगाणा, पेठ हे तालुके एकाच जिल्ह्यात आहेत. सुरगाण्याची माणसं द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांवर कामाला येतात. जगाच्या नकाशावर जसे श्रीमंत आणि गरीब देश आहेत, तसेच एका एसटीच्या अंतरावर आपल्याकडेही आहेत.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो

आमच्या क्षेत्रात, म्हणजे ट्रेनिंगच्या क्षेत्रात, एक वाक्य फार चालतं. ‘गरीब माणूस विचाराने गरीब असतो.’ टाळ्या मिळतात त्याला. मला ते वाक्य पटत नाही, आणि नवीन धंदेवाल्यांसाठी ते धोक्याचंही वाटतं.

ब्रँको मिलानोविच हे जगातल्या विषमतेवर आयुष्यभर काम केलेले अर्थतज्ज्ञ. त्यांनी हिशोब मांडून दाखवलं की जगातल्या माणसांच्या उत्पन्नात जो फरक दिसतो, त्यातला निम्म्याहून जास्त फरक नुसता ‘तो कोणत्या देशात राहतो’ यावरून कळतो. बस चालवायचं कौशल्य सारखंच, पण नाशिकच्या ड्रायव्हरला आणि ॲमस्टरडॅमच्या ड्रायव्हरला पगार सारखा नाही. यात विचार कुठे आला? द्राक्षाच्या बागेत दिवसभर कात्री चालवणारी बाई कुठल्या मोटिव्हेशनवाल्यापेक्षा कमी कष्ट करते?

जागेला किंमत असते. रस्ता, वीज, बँक, बंदर, कायदा, ओळखी, हे सगळं मिळून जागा बनते. तुम्ही कष्टात कमी पडत नसाल, पण ज्या थांब्यावर उभे आहात तिथे पैसा थांबतच नसेल, तर कष्ट दुप्पट करून उत्पन्न दुप्पट होत नाही. म्हणून आधी थांबा बघायचा, मग कष्टाचं बोलायचं. स्वतःला दोष देत बसण्यापेक्षा हे जास्त कामाचं आहे.

नेदरलँड्सचं उदाहरण का बघायचं

आपली द्राक्षं न्हावाशेवाच्या बंदरातून कंटेनरने युरोपात जातात. ती घेणाऱ्या देशांत नेदरलँड्स नेहमी पहिल्या रांगेत असतं. हा देश किती मोठा? सुमारे ४१,५०० चौरस किलोमीटर. आपला नाशिक जिल्हा साडेपंधरा हजार. म्हणजे तीन नाशिक जिल्हे जोडले तर नेदरलँड्सपेक्षा मोठे होतात. आणि हा एवढासा देश दरवर्षी १०० अब्ज युरोपेक्षा जास्त किमतीचा शेतीमाल निर्यात करतो. या बाबतीत अमेरिकेच्या खालोखाल त्याचं नाव घेतलं जातं.

तिथली सगळी द्राक्षं तिथलीच माणसं खातात का? नाही. त्यांच्या निर्यातीतला बराच माल दुसऱ्या देशांतून आणून पुढे पाठवलेला असतो. रॉटरडॅम बंदरात कंटेनर उतरतो, माल तपासला जातो, गरज असेल तर पुन्हा पॅक होतो आणि युरोपातल्या सुपरमार्केटपर्यंत जातो. त्यांनी द्राक्ष लावलं नाही, छाटलं नाही, डाऊनीशी झगडले नाहीत. त्यांनी थांबा धरला. बंदर, शीतगृह, तपासणी आणि वेळेवर माल पोचवायचा भरवसा, हाच त्यांचा माल.

चॉकलेटचं तसंच. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. पण चॉकलेट म्हटलं की नाव येतं स्वित्झर्लंडचं आणि बेल्जियमचं, जिथे कोकोचं एक झाडही बाहेर जगणार नाही.

नकाशावर श्रीमंत देश दिसला की आपण म्हणतो, ‘तिथे माल विकू.’ विका, जरूर विका. पण त्याआधी विचारा की तो तिथपर्यंत काय काम करून पोचला, आणि त्यातलं छोटंसं एखादं काम इथे, माझ्या शेडमध्ये करता येईल का.

आता आपला माल, आपले थांबे

लासलगावचा कांदा घ्या. बाजार समिती १९४७ ची, आशियातली सगळ्यात मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून नाव. शेतकरी ट्रॅक्टर लावतो, लिलाव होतो, माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो. तिथे निवड होते, गोल्टी बाजूला पडते, गोणी भरली जाते आणि ट्रक किंवा रेल्वेने माल निघतो. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, पण त्यात वजन घटतं, सड होते. ही सगळी कामं झाली तरी कांदा शेवटी कांदाच राहतो. भाव पडला की सगळ्यांचा पडतो.

कांदा सुकवून त्याचे काप आणि पावडर करायचा मोठा उद्योग कुठे आहे? गुजरातमध्ये, भावनगर जिल्ह्यातल्या महुवाला. आपल्याकडे जळगावला आहे. आता लगेच ‘मग मी पण डिहायड्रेशन टाकतो’ असं म्हणू नका. त्या उद्योगाला मुख्यतः पांढरा कांदा लागतो, आपल्याकडे जोर लाल आणि उन्हाळ कांद्यावर. कारखाना तिथे गेला त्याला कारण आहे. नकाशा वाचायचा म्हणजे नुसतं ‘तिथे आहे, इथे नाही’ एवढंच बघायचं नाही. ‘का नाही’ हे शोधायचं.

मालेगाव बघा. लाखाहून जास्त यंत्रमाग. दिवसरात्र खटखट. पण तिथून निघणारं बरंचसं कापड हे ग्रे कापड, म्हणजे कोरं, न रंगवलेलं. ते रंगवायला, छापायला राजस्थानात पाली, बालोतराकडे जातं. सूत बाहेरून येतं, कापड बाहेर जातं आणि मधल्या विणाईची मजुरी मालेगावात राहते. त्यातही पुष्कळ मागवाले दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने विणतात. मागाचा मालक असूनही भाव ठरवायची ताकद हातात नाही.

येवला उलट दिशेने गेलं. पैठणीचं नाव पैठणचं, पण आज पैठणी घ्यायची म्हणून माणसं गाडी करून येवल्याला येतात. विणकराच्या गावातच दुकानं आहेत, गिऱ्हाईक दारात येतं, माग चालताना बघतं आणि तिथेच पैसे मोजतं. सगळ्या विणकरांचं भलं झालं असं मी म्हणणार नाही, पण शेवटचा थांबा गावातच असल्याने पैशातला मोठा भाग गावात राहतो. मालेगाव आणि येवला दोन्ही विणकामाचीच गावं, एकाच जिल्ह्यातली. फरक थांब्याचा आहे.

आणि मोहाडी. दिंडोरी तालुक्यातलं गाव. २०१० मध्ये आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराइड या संजीवकाचा अंश जास्त सापडला म्हणून युरोपात कंटेनर अडकले आणि जिल्ह्यातले शेतकरी-निर्यातदार भरडून निघाले. शेवटचा थांबा हजारो किलोमीटरवर असतो आणि तिथले नियम आपल्याला उशिरा कळतात, तेव्हा काय होतं ते त्या वर्षी दिसलं. त्याच सुमाराला विलास शिंदे आणि सोबतच्या शेतकऱ्यांनी ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकरी उत्पादक कंपनी उभी केली. पॅकहाऊस, शीतगृह, तपासणी, थेट निर्यात आणि पुढे टोमॅटोसारख्या मालावर प्रक्रिया. म्हणजे एकेक करून पुढचे थांबे मोहाडीत आणले. २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी त्यात ३१० कोटी रुपये घातले. माल इथून तिकडे जात होता, या वेळी भांडवल तिकडून इकडे आलं.

गंगापूर धरणाकडे गेलात तर सुला दिसते. १९९९ ची कंपनी. वाईनबद्दल तुमचं मत काहीही असो, धंद्याचा धडा घ्या. द्राक्ष किलोवर विकण्याऐवजी बाटलीत भरलं, आणि बाटली विकण्याबरोबर माणसांना बागेत बोलावलं. मुंबईचा पैसा नाशिकला येऊन खर्च व्हायला लागला. त्यामागे हॉटेलं, टॅक्सी, होमस्टे आले.

नकाशा कायमचा नसतो

काही जण म्हणतील, ‘सर, हे मोठ्यांचं झालं. श्रीमंत जागा श्रीमंतच राहणार.’ इतिहास तसं सांगत नाही.

पांडवलेण्यात, म्हणजे त्रिरश्मी लेण्यांमध्ये, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे. त्याने ३००० कार्षापणं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. एका श्रेणीकडे २००० महिना एक टक्का व्याजाने आणि दुसरीकडे १००० महिना पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा वगैरे खर्च चालवायचा. म्हणजे आपल्या गंगापूर रोडच्या गोवर्धनला तेव्हा विणकरांच्या अशा संस्था होत्या, ज्यांच्याकडे राजाचा जावई विश्वासाने ठेव ठेवत होता. मुदत ठेव आणि व्याजदर, दोन्ही दगडात कोरून!

त्याच लेण्यातला दुसरा लेख सांगतो की त्याने भरुच, दशपूर म्हणजे आजचं मंदसौर, गोवर्धन आणि सोपारा इथे धर्मशाळा बांधल्या आणि नद्यांवर फुकट तरी ठेवल्या. हे दान होतंच, पण आजच्या भाषेत बघितलं तर वाटेवरच्या सोयी होत्या. बंदरं आणि देशावरचा प्रदेश यांना जोडणाऱ्या वाटेवर नाशिक होतं, म्हणून इथे पैसा थांबत होता.

पुढे नकाशा बदलला. अँगस मॅडिसन या अर्थतज्ज्ञाच्या अंदाजानुसार १७०० मध्ये जगाच्या उत्पादनात भारताचा वाटा २४ टक्क्यांच्या आसपास होता, १९५० मध्ये तो चार टक्क्यांच्या आसपास उरला. अडीचशे वर्षांत इतका फरक. लोक आळशी झाले म्हणून नाही. युरोपात यंत्रं आली, तिथलं उत्पादन झपाट्याने वाढलं. इथे परकं राज्य आलं, आपला कापडाचा बाजार गेला आणि ठरवणारा थांबा लंडनला हलला.

आणि नकाशा आता पुन्हा हलतोय. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. तो सिन्नरवरून, इगतपुरीवरून जातो. पालघरला वाढवण बंदराला २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. रस्ता आला म्हणजे पैसा आपोआप थांबत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. रस्त्याने माल लवकर येतो तसा लवकर निघूनही जातो. थांबवायला काहीतरी लागतं: गोदाम, प्रतवारी, दुरुस्ती, पॅकिंग, जेवण, मुक्काम. ते कोणीतरी उभं करतं. ते तुम्ही का नसावं?

आता तुमचा नकाशा काढा

एक वही घ्या. तुम्हाला ज्यात धंदा करायचाय ती एकच वस्तू निवडा. ती जिथे पिकते किंवा बनते तिथपासून शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत सगळे थांबे एकाखाली एक लिहा. प्रत्येक थांब्यासमोर पाच गोष्टी भरा.

१. इथे मालावर नेमकं काय काम होतं?
२. इथे माल किती भावाने येतो आणि किती भावाने जातो?
३. इथल्या माणसाचा पैसा किती दिवस अडकतो?
४. माल खराब झाला किंवा भाव पडला तर तोटा कोणाचा?
५. भाव कोण ठरवतं?

घरी बसून हे भरता येत नाही. लासलगाव, पिंपळगावला लिलावाला जाऊन उभं राहा. ट्रान्सपोर्टवाल्याशी बोला. किराणा दुकानदाराला विचारा. सरकारच्या ॲगमार्कनेटवर रोजचे बाजारभाव असतात. निर्यातीचा विचार असेल तर आपल्या मालाचा एचएस कोड शोधा, कांद्यासाठी ०७०३ आणि द्राक्षासाठी ०८०६ पासून सुरुवात करा. वाणिज्य मंत्रालयाच्या आणि अपेडाच्या साइटवर कोणत्या देशात किती माल कोणत्या किमतीला गेला ते फुकट बघता येतं.

एक उदाहरण करू. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमचे तुम्ही काढा.

समजा तुम्हाला बिर्याणीवाल्यांना आणि केटरिंगवाल्यांना तळलेला कांदा पुरवायचाय. एक किलो तळलेल्या कांद्याला चार किलो कच्चा लागतो असं धरू. कांदा १५ रुपये किलो, म्हणजे ६० रुपये. तेल, गॅस, मजुरी, पॅकिंग ९०. खर्च १५०, विक्री २००. किलोमागे ५० रुपये सुटले. दिवसाला २० किलो म्हणजे रोजचे हजार, महिन्याचे तीस हजार. इथपर्यंत सगळे खुश असतात.

आता तिसरा प्रश्न. हॉटेलवाला पैसे ३० दिवसांनी देतो. रोजचा खर्च ३,०००, तीस दिवसांचे ९०,००० तुमचे बाहेर अडकले. हे नव्वद हजार तुमच्या कर्जाच्या हिशोबात धरलेत का? बहुतेक जण मशिनरीचं कर्ज काढतात आणि उधारीचं विसरतात.

चौथा प्रश्न. कांदा १५ चा ४० झाला. चार किलोचे १६०, वर ९०. खर्च २५०, आणि तुम्ही वर्षभरासाठी २०० चा शब्द दिलाय. आता जितका जास्त विकाल तितका जास्त तोटा. म्हणून करार करताना कांद्याच्या बाजारभावाला बांधलेला दर ठेवा. हा एक मुद्दा नकाशामुळे सुचतो, नाहीतर पहिल्या भाववाढीत धंदा बसतो.

आणि पाचवा प्रश्न, भाव कोण ठरवतं? कांद्यात कधीकधी तो दिल्लीत ठरतो. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, मे २०२४ मध्ये शुल्कासह उघडली आणि ते शुल्क १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण निघालं. ज्यांनी फक्त दुबई-बांगलादेशवर धंदा उभा केला होता, त्यांच्या नकाशावर एकच रस्ता होता आणि तो बंद झाला. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा युरोपला जाणारी द्राक्षं आफ्रिकेला वळसा घालून न्यावी लागली. प्रवास वाढला, भाडं वाढलं. एकाच थांब्यावर, एकाच गिऱ्हाइकावर सगळं ठेवू नका, हे म्हणूनच सांगतो.

दलालाला शिव्या देण्याआधी

हा नकाशा काढला की पहिला राग येतो मधल्या माणसावर. ‘शेतकऱ्याला पंधरा, गिऱ्हाइकाला चाळीस, मधले खाऊन गेले.’ काही ठिकाणी राग बरोबर असतो. पण वहीत बघा, मधला माणूस उधारी देतो, सडलेला माल सोसतो, रात्री दोनला ट्रक भरतो, वाशीच्या गाळ्यावर कोण पैसे बुडवतो हे त्याला माहीत असतं. तो जे काम करतो ते काम करायची तयारी असेल तरच त्याचा वाटा तुम्हाला मिळेल. काम नको आणि वाटा हवा, असं कुठल्याच नकाशावर होत नाही.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. एकदम शेवटच्या थांब्यावर उडी मारू नका. आज ज्या थांब्यावर आहात त्याच्या एक थांबा पुढे जा. मालेगावचा मागवाला असाल तर लगेच स्वतःचा ब्रँड नको. आधी मजुरीचं विणकाम थोडं कमी करून स्वतःच्या सुतावर दोन माग चालवून बघा. द्राक्षवाले असाल तर लगेच युरोप नको. बेदाण्याचा हिशोब तासगाव-सांगलीला जाऊन शिका, तिथे बेदाण्याचा मोठा बाजार, शीतगृहं, सौदे सगळं आहे. मसाले करणाऱ्या ताई असाल तर लगेच अमेरिका नको. आधी सिडकोतली दहा दुकानं, पैसे वेळेवर देणारी.

उद्यम नोंदणी करून ठेवा, फुकट होते. सूक्ष्म किंवा लघु उत्पादक, सेवा देणारे म्हणून माल पुरवलात तर मोठ्या गिऱ्हाइकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे. तो सांगून भांडायचं नाही, बिलावर उद्यम क्रमांक छापायचा आणि सौदा ठरवतानाच मुदत लिहून घ्यायची.

जगातला पैसा न्यायाने वाटलेला नाही, आणि तुमच्या एका शेडने तो नकाशा बदलणार नाही. तशी खोटी आशा मी देणार नाही. पण तुमच्या गल्लीचा, तुमच्या तालुक्याचा नकाशा बदलू शकतो. सुरगाण्याची बाई दर हंगामात निफाडला येते, तिच्या गावातच नागलीचं पापड-बिस्कीट युनिट चाललं तर तिच्यापुरता जगाचा नकाशा बदलला.

या रविवारी वहीतला तक्ता भरा. पाचही रकाने. जो रकाना रिकामा राहील, तो भरल्याशिवाय बँकेत अर्ज करू नका. तक्ता भरून झाला की तुमची वस्तू, तुमचा तालुका आणि तुम्ही निवडलेला पुढचा थांबा कमेंटमध्ये लिहा. त्यातले दोन-तीन तक्ते घेऊन पुढच्या व्हिडिओत आपण आकड्यांसकट बसू.

भेटूया.